दुपारी खाद्य बंद

कोंबड्यांच्या धंद्यात येण्याआधी माझी वहिनी कपड्यांना इस्त्री करायची. घरी नव्हे, एका मोठ्या लाँड्रीत. तिथल्या वाफेच्या इस्त्र्या सकाळी तापायच्या त्या संध्याकाळीच निवायच्या. बायकांना पंखा नव्हता, कारण पंख्याने चादरी उडतात असं मालकाचं म्हणणं. एकदा भर उन्हाळ्यात ती तिथे चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आली तर कुणीतरी तिच्या तोंडापुढे जेवणाचा डबा उघडून धरलेला. "खा चार घास, म्हणजे बरं वाटेल." त्या वासानेच तिला मळमळून आलं. तिला हवं होतं पाणी, आणि लोकांनी जरा बाजूला सरकून वारा येऊ द्यावा, एवढंच.

हे ती मला कितीदा तरी सांगते. "उकाडा म्हणजे काय ते मला कोंबड्यांनी नाही शिकवलं, भावजी. मी आधीच शिकून आले होते."

लाँड्री सोडल्यावर तिने घरामागच्या मोकळ्या जागेत शेड उभारली. माहेरी सुतारकी होती, त्यामुळे दारं-चौकटी तिने स्वतः ठोकल्या. बाकीचं काम मी आणि दोन गवंडी. वर पत्रा, दोन्ही बाजूंना जाळी, जाळीवर गोणपाटाचे पडदे, खाली भाताच्या तुसाचा जाड थर. पिल्लं द्यायची कंपनी ठरली. या धंद्याचं तत्त्व साधं आहे: पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, घाम तेवढा आपला. एका दिवसाची पिल्लं येतात आणि पाचेक आठवड्यांत खाऊन-खाऊन इतकी जड होतात की चार पावलं चालली की बसतात. मग गाडी येते आणि त्यांना घेऊन जाते.

मी रस्त्याच्या पलीकडे पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. शेडचे पंखे माझ्याच हातचे, त्यामुळे माझं तिथे रोजचं येणं-जाणं.

पहिले दोन उन्हाळे वहिनीने एकटीने काढले. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा नोकरीवर होता. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात तो मुख्य आचारी. दोनशे मुलांचं दोन वेळचं जेवण, आणि त्याचा एकच अभिमान: माझ्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठला नाही. मुलं नको-नको म्हणायची आणि हा वाढायचा. सुट्टीत घरी आला की मात्र स्वयंपाकघराकडे ढुंकूनही बघायचा नाही. म्हणायचा, "मला आता चमचा दिसला तरी हात दुखतो."

पुढे त्याचे गुडघे गेले. तासन् तास उभं राहणं होईना, तेव्हा वसतिगृहाने हार घालून त्याला घरी पाठवलं. महिनाभर तो खुर्चीत बसून होता. आधी भिंतीकडे बघायचा, मग खिडकीतून शेडकडे, आणि मग एक दिवस काठी टेकत शेडमध्ये आला. वहिनीला बरं वाटलं. निदान बोलायला तरी माणूस झालं.

तो उन्हाळा लवकर तापला. वहिनीची पद्धत ठरलेली होती. पहाटे उजाडायच्या आत दिवे लावायचे, भांड्यांत खाद्य भरायचं. गारव्यात कोंबड्या तुटून पडतात. पत्रा तापायला लागला की खाद्याची भांडी वर उचलायची. त्यासाठी दाराजवळ एक चरखी होती. तिचा दांडा फिरवला की दोरीला बांधलेली सगळी रांग डोक्याइतकी वर जायची. मग सूर्य कलेपर्यंत फक्त पाणी. खाल्लेलं पचवायला अंगात ऊब तयार होते. ती खाल्ल्या-खाल्ल्या नाही, दोन-तीन तासांनी चढते. कोंबडीला घाम येत नाही, अंगावर पिसांची गोधडी, वर तापलेला पत्रा. दुपारी पोट भरलेलं असलं तर ती आतून आणि बाहेरून भाजते. रिकाम्या पोटी असली तर चोच उघडी टाकून, पंख पसरून कशीबशी दुपार काढते.

दादाने पहिल्यांदा भांडी वर जाताना पाहिली तेव्हा त्याला खरंच कळेना.

"अगं, त्या बघ की मान वर करून बघतायत!"

"बघू दे."

"भुकेल्या आहेत त्या."

"आहेतच. भूक लागल्याने कुणी मरत नाही अर्ध्या दिवसात. उन्हाने मरतात."

"ताटावरून उठवायचं म्हणजे…" असं पुटपुटत दादा बाहेर गेला. त्या दिवशी तो स्वतःही दुपारी नीट जेवला नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी वहिनी शेडमध्ये गेली तर भांडी खाली. तिला वाटलं चरखी सरकली. मला बोलावलं. मी चरखी तपासली, तिला काहीही झालेलं नव्हतं. वहिनीने एक कोंबडी उचलली, गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपली. टच्च भरलेली. ती माझ्याकडे बघत राहिली, मग घराच्या खिडकीकडे. खिडकीत दादा वर्तमानपत्र वाचत होता, आणि वर्तमानपत्र उलटं नव्हतं एवढंच.

"अहो, तुम्ही भांडी खाली घेतलीत?"

"थोडा वेळच घेतली होती. सगळ्यांनी दोन-दोन घास खाल्ले."

"मी काय सांगितलं होतं?"

"तू सांगितलंस. पण मला बघवेना."

त्या संध्याकाळी आठ-दहा कोंबड्या गेल्या. दादाने त्या पाहिल्या आणि म्हणाला, "आजारी असतील." वहिनीने मला नुसतं बघा म्हणून खुणावलं.

मग हे रोजचंच झालं. ती एक तोड काढायची, हा दुसरी वाट. तिने चरखीला कुलूप लावलं, तर हा ताटलीत खाद्य घेऊन जाळीतून आत सरकवू लागला. तिने ताटल्या लपवल्या, तर म्हणाला, मी निदान पहाटेचं खाद्य घालतो. तिने हो म्हटलं. याने त्या खाद्यात पाणी ओतून कालवलं, कारण कोरडं कुणाच्याही घशाखाली उतरत नाही असा त्याचा आचाऱ्याचा अनुभव. कोंबड्यांनी आवडीने खाल्लं हे खरं. पण भांड्यांच्या तळाशी राहिलेलं उन्हात आंबलं, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या शेडची पोटं बिघडली. तूस ओलं झालं, वास सुटला, माश्या आल्या. वहिनीने दोन दिवस खोऱ्याने ओलं तूस काढलं आणि नवं टाकलं. दादा दारात उभा राहून सांगत होता, "पुढच्या वेळी पाणी कमी घालतो."

"पुढची वेळ नाही," वहिनी म्हणाली.

ती माझ्या दुकानात येऊन बसायची. चहा घ्यायची नाही, नुसती बसायची. "मी भांडत नाही असं नाही हो, भावजी. भांडते. पण भांडायला समोरचा माणूस वाईट लागतो. हा चांगलं करायला जातो. चांगलं करणाऱ्याशी कसं भांडायचं ते सांगा मला."

मी दादाशी बोललो. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "तुझं बरोबर आहे." आणि लगेच, "तू जेवून आलास ना?" मी हात टेकले.

आणि नेमकी त्याच बॅचच्या शेवटच्या आठवड्यात वहिनीची दाढ दुखायला लागली.

दाढ जुनीच होती, वर्षभर ठणकत होती. वहिनी लवंग धरून दिवस ढकलत होती. पण आता गाल सुजला. कोंबड्या पूर्ण वाढलेल्या, गाडी यायला चार-पाच दिवस, आणि उकाडा असा की माझ्या दुकानात पकडीला हात लावला की चटका बसायचा. "गाडी जाऊ दे, मग काढते दाढ," ती म्हणायची. तिसऱ्या दिवशी तिला तोंड उघडता येईना. पाणीसुद्धा एका बाजूने वाहून जायचं. मी म्हटलं, "वहिनी, ऐक. सकाळी लवकर जाऊ, दुपारच्या आत परत येऊ."

ती तयार झाली, पण नुसती निघाली नाही. पहाटे खाद्य घातलं, भांडी वर घेतली, आणि चरखीचा लोखंडी दांडाच काढून आपल्या पिशवीत टाकला. दांड्याशिवाय भांडी खाली येणं शक्यच नव्हतं. दादाला दारात उभं करून, सुजलेल्या गालाने, एकेक शब्द चावत तिने सांगितलं, "पाणी बघा. पडदे ओले ठेवा. पंखे बंद पडले तर भावजींच्या दुकानात कामाला आहे त्या पोराला हाक मारा. आत फिरू नका, कोंबड्या उठतात. आणि खाद्य नाही."

"नाही," दादा म्हणाला. "तू जा गं. काळजी करू नकोस."

दाताच्या डॉक्टरकडे गर्दी होती. आमचा नंबर यायलाच उशीर झाला. आत गेल्यावर दाढ सरळ निघेना, तुकडे झाले, पुन्हा भुलीचं इंजेक्शन. मी बाहेर बसलो होतो आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मला आवडेनासं झालं होतं. वहिनी बाहेर आली तेव्हा तिचा अर्धा चेहरा झोपलेला होता, गालात कापसाचा बोळा, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. डॉक्टरने बजावलं होतं: दोन तास बोलू नका, बोळा दाबून धरा. तिने मला हाताने फक्त एक खूण केली: चला, लवकर.

स्कूटर अंगणात थांबली आणि आम्हा दोघांना ते एकदमच कळलं. उकाड्यात शेडचा एक आवाज असतो. हजारांवर कोंबड्या धापा टाकतात तेव्हा कुणीतरी खूप पानं भराभर उलटतंय असं वाटतं. तो आवाज होता, पण दुप्पट वेगाने. आणि पंखे दमल्यासारखे फिरत होते. व्होल्टेज उतरलं होतं.

वहिनी आत धावली नाही. इतक्या घाईतही तिने दार हळूच लोटलं, कोंबड्या दचकून उठू नयेत म्हणून. आत पाहिलं. भांडी वरच होती, रांगेत, जशी तिने टांगली होती तशी. खाद्य खाली होतं. तुसावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बादलीने ओतल्यासारखे ढीग, आणि ढिगांभोवती कोंबड्या पोटं टेकून पसरलेल्या. भिंतीच्या कडेला, जिथे जरा सावली होती, तिथे त्या एकमेकींवर चढून गठ्ठा झाल्या होत्या. त्या गठ्ठ्यातल्या खालच्या हलत नव्हत्या.

दादा मधोमध पाण्याची बादली घेऊन बसला होता. मांडीवर एक कोंबडी. तिला तो बादलीत बुडवत होता आणि काढत होता. ती मेली होती हे त्याला कळत नव्हतं, किंवा कळलं होतं.

"अगं, एकदमच… आता बरी होती…" तो म्हणाला.

वहिनीने तोंड उघडलं.

मी आयुष्यात पुष्कळ लोकांना रागावलेलं पाहिलं आहे, पण तिच्यासारखी वेळ कुणावर येऊ नये. महिनाभराचं साचलेलं सगळं एकदम वर आलं आणि ओठ वळेना, जीभ हलेना. "हे काय केलंत" म्हणायला गेली आणि बाहेर आलं "ए आ एएं." बोळा खाली पडला. हनुवटीवर रक्त आलं. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच, फक्त मोठ्याने.

आणि दादा उठून तिच्याकडे आला आणि म्हणाला, "दुखतंय का फार? तू आधी बस बघू. बस खाली."

वहिनीने बादलीला लाथ मारली. बादली घरंगळत गेली. जवळच्या कोंबड्या फडफडल्या आणि तीच दचकून जागच्या जागी थिजली, कारण त्यांना उठवणं म्हणजे आणखी मारणं. रागाने पाय आपटायचीसुद्धा सोय नव्हती. तिने डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला, आणि मग हाताने खुणा करायला लागली. मला: वर, पत्रा, पाणी. दादाला: बाहेर. दादा जागचा हलेना, तेव्हा त्याच्या खांद्याला धरून त्याला दाराबाहेर नेऊन उभं केलं.

मी दुकानातून मोटार आणली, पत्र्यावर पाणी सोडलं. पाणी पत्र्यावर पडलं की वाफ निघत होती. पंख्यांची लाईन माझ्या दुकानाच्या जनरेटरवर घेतली. वहिनी खाली बसून सरकत-सरकत भिंतीशी गेली, वरच्या कोंबड्या एकेक करून उचलून मोकळ्या जागेत ठेवू लागली, खालच्या मेलेल्या बाजूला. खाद्य उचलणं आता निरर्थक होतं, ते पोटात गेलेलं होतं. पण तरीही ती हाताने ते गोळा करून पोत्यात भरत होती. अधूनमधून ओढणीच्या टोकाने हनुवटी पुसायची.

सगळ्यात वाईट पुढे होतं. दुपारी खाल्लेल्याची ऊब चढायला वेळ लागतो, म्हणून ऊन उतरायला लागलं, आम्हाला वाटलं आता सुटलो, आणि तेव्हाच कोंबड्या एकामागून एक जायला लागल्या. समोर बसलेली असायची, मान मागे टाकायची, संपलं. चारातली एक गेली म्हणा. मागच्या खड्ड्यात टाकून वर चुना पसरेपर्यंत सूर्य मावळला होता.

आम्ही घरात आलो. दादा स्वयंपाकघरात होता. घरात कधी चमच्याला हात न लावलेल्या माणसाने बटाटे उकडून, कुस्करून, गाळून, मीठ-लोणी घालून पातळ सूप केलं होतं. वाडगं तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "गार केलंय. चावायला लागणार नाही. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

वहिनीने वाडग्याकडे पाहिलं. भूल उतरत आली होती. जीभ अजून जड होती पण शब्द फुटत होते.

"वाढण्यापलीकडे तुम्हाला काही येतं का हो?"

दादाने वाडगं तिच्याकडे आणखी सरकवलं.

"मी त्यांना उपाशी मारते असं वाटतं तुम्हाला? तुमच्या मेसमधली मुलं पोट भरलं की उठून सावलीत जाऊन पडत होती. ह्यांनी उठून कुठे जायचं? सांगा ना, कुठे जायचं?"

"मला वाटलं, आज तू नाहीस, तर निदान त्यांच्या पोटात…"

"मी नाही म्हणून तर!" तिने टेबलावर हात आपटला आणि लगेच गाल धरला. "महिनाभर सांगतेय. महिनाभर. कंपनीच्या साहेबाने सांगितलं की तुम्ही मान डोलावता, भावजींनी सांगितलं की डोलावता, मी सांगितलं की तुम्हाला वाटतं बायको चिडलीय. मी चिडले होते, ते खरंच आहे. पण चिडलेलं माणूस खरंही बोलतं ना कधी?"

मग दादा खाली बघत म्हणाला, "मग मी दिवसभर करू काय?"

मला वाटलं वहिनी विरघळेल. ती विरघळली नाही. "ते मला नका विचारू," ती म्हणाली. वाडगं दूर सारलं आणि शेडकडे गेली, कारण गारवा पडत होता आणि उरलेल्यांना खाद्य घालायची वेळ झाली होती. चरखीचा दांडा पिशवीतून काढायला तिला दोनदा परत यावं लागलं. पहिल्यांदा आली ती रागाने दांडा न घेताच परत गेली होती.

दोन दिवसांनी कंपनीचा साहेब मोटरसायकलवर आला. तरुण माणूस, उन्हाने काळवंडलेला, दिवसभरात वीस शेडी फिरणारा. त्याने खड्डा पाहिला, शेड पाहिली आणि वहिनीला म्हणाला, "मॅडम, दुपारी खाद्य बंद ठेवायचं असतं. मी सांगितलं होतं ना? एवढी साधी गोष्ट आहे."

दादा तिथेच, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण ती थांबली. मलाही कळलं ती कशासाठी थांबली आहे. दादाने खाकरून घसा साफ केला, काठी या हातातून त्या हातात घेतली, आणि काही बोलला नाही.

"चुकलं," वहिनी म्हणाली. "पुन्हा होणार नाही."

साहेब गेल्यावर ती दादाला काही म्हणाली नाही. तेच त्याला लागलं असावं. संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "तोंडापर्यंत आलं होतं रे. पण त्या पोरासमोर नाही निघालं." मी म्हटलं, "मग आता तिच्यासमोर बोल." तो म्हणाला, "तिच्यासमोर तर त्याहून अवघड."

बोलला नाहीच. पण दुसऱ्या दिवशी शेडच्या दाराला आतून चुन्याने लिहिलेलं दिसलं, मेसच्या फळ्यावर तो रोजचा बेत लिहायचा त्याच गोल अक्षरांत: दुपारी खाद्य बंद. वहिनीने वाचलं आणि म्हणाली, "हे कुणासाठी? कोंबड्यांना वाचता येतं की काय?"

नवी बॅच आली, उन्हाळा अजून होताच. दादा शेडमध्ये यायचा तो आता हात मागे बांधून. एक दिवस दुपारी त्याने पाण्याच्या नळीखाली हात धरला आणि झटकन मागे घेतला. टाकी उन्हात, नळी काळी, पाणी जवळजवळ आंघोळीचं. "अगं, हे पाणी पितात त्या? हे तर मी भांडी घासायलासुद्धा गरम म्हटलं असतं." वहिनीने कपाळावर हात मारला. टाकीवर सावली करायचं तिच्या डोक्यात दोन वर्षं होतं, पण हात दोनच. दादाने टाकीला ओली गोणपाटं गुंडाळली, नळी तुसाखालून नेली, आणि ऊन चढलं की दर थोड्या वेळाने नळीतलं तापलेलं पाणी सोडून द्यायचं काम स्वतःकडे घेतलं. बसून करता येत होतं. साखर-मीठ घालून पाणी चाखूनही बघायचा, आचारीच तो. कोंबड्या गार पाण्यावर अशा झुंबड करायच्या की त्याच्या चेहऱ्यावर जुना रंग यायचा. कुणाला तरी वाढल्याचा.

पुढचा उन्हाळा बरा गेला. मरतूक इतकी कमी की साहेबाला आश्चर्य वाटलं. आणि मग त्याने जे केलं त्यावरून वहिनी अजून धुमसते. त्याने आसपासच्या शेडवाल्यांना आमच्या अंगणात गोळा केलं आणि खुर्चीवर बसवून पुढे केलं कुणाला, तर दादाला. "काकांनी पाण्याचा प्रयोग केलाय, ऐका." दादाला माणसं समोर दिसली की तोंड सुटतं. "उन्हात जिवाला अन्न नको असतं," तो सांगू लागला. "आधी पाणी, गार पाणी, आणि मोकळी हवा. पोटात भरलंत की आतून भट्टी पेटते. हे मी अनुभवाने सांगतो." लोक माना डोलवत होते.

वहिनी पाठीमागून खुर्च्या आणत होती. शेवटची खुर्ची तिने जरा जोरात आपटली. दादा थांबला, वळून बघितलं, आणि म्हणाला, "आणि हे सगळं हिने सांगितलेलं आहे." लोक हसले. त्यांना वाटलं, नवरा बायकोचं कौतुक करतोय. वहिनी पाय आपटत शेडमध्ये निघून गेली.

मी आत शिडीवर चढून पंखा काढत होतो. तिच्या मागोमाग जमलेल्यांपैकी एक बाई आत आली, तिच्याहून लहान, डोळ्यांखाली काळं. म्हणाली, "ताई, आमच्याकडे सासरे ऐकत नाहीत. दुपारी जाऊन मूठ-मूठ टाकतात. म्हणतात, मुकी जनावरं शाप देतील. काय करू?"

वहिनीने तिला काय-काय सांगितलं ते सगळं मला आठवत नाही. चरखीचा दांडा काढून चालत नाही, पोतीसुद्धा कुलपात ठेव, हे सांगितलं. गळ्याखालची भरलेली पिशवी कशी चाचपायची ते कोंबडी हातात देऊन दाखवलं. पहाटेचं खाद्य किती लवकर घालायचं, भांडी वर घेताना आधी कुठली रांग घ्यायची. बाहेर दादाचं भाषण संपलं, चहा झाला, लोक गेले, तरी आत दोघींचं चाललंच होतं. तेवढा तास मी वहिनीला चिडलेलं पाहिलं नाही.

आता ती बाई उन्हाळ्यात रोज दुपारी फोन करते. परवा मी दुकानात होतो तर वहिनी अंगणात फोन कानाला लावून उभी. "दे सासऱ्यांना फोन. दे गं तू… नमस्कार काका. मी बोलतेय. काका, शापबिप काही नसतो. तुम्ही आधी ते खाद्य उचलायला लावा… नाही, मूठभरसुद्धा नाही… अहो, मूठभराने काय होतं म्हणजे? मी सांगते काय होतं…"

बराच वेळ ती सांगत होती. मग फोन खाली घेतला, त्याच्याकडे पाहिलं. "ठेवून दिला," ती मला म्हणाली. "हो-हो म्हणाले आणि ठेवून दिला." आणि गोणपाट भिजवायला निघून गेली.